मागे उरलेल्यांची साक्ष

आमच्या ओझरच्या नावाला ‘मिग’ हा शब्द इतका घट्ट चिकटला आहे की बाहेरगावचा माणूस ‘ओझर मिग’ असेच म्हणतो. १९६४ साली विमानांच्या कारखान्याची येथे स्थापना झाली, बाणगंगेकाठच्या गावाशेजारी वसाहत उभी राहिली आणि गावाचे दोन भाग झाले. एक चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेत बारागाड्या ओढणारे ओझर आणि दुसरे भोंग्यावर उठणारे ओझर. माझे वडील दुसऱ्या ओझरात नोकरीला होते. आमच्या शाळेत डोक्यावरून विमान गेले की बाई शिकवणे थांबवीत. आवाज विरला की वाक्य जिथे सुटले होते तिथून पुन्हा सुरू करीत. आम्हाला त्यात काही वेगळे वाटत नसे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. त्या दिवशी वसाहतीतली निवृत्त मंडळी दूरदर्शन संचासमोर बसून होती. काहींचे डोळे भरून आले. ज्या यंत्राचे सुटे भाग हाताने जुळवले, ते यंत्र आता इतिहासात गेले होते. देशभरात अशी निवृत्त विमाने चौकाचौकांत चौथऱ्यांवर बसवलेली आपण पाहतो. आमच्या भागालाही त्यांचे अप्रूप नाही. पण अशा एका चौथऱ्यापुढे उभी असताना माझ्या मनात एक प्रश्न आला आणि तो पुढे कित्येक महिने गेला नाही. या चौथऱ्यावर युद्धाचे यंत्र आहे. युद्धात गेलेला माणूस कुठे आहे? आणि त्याच्यामागे जी माणसे उरली, ती कुठे आहेत?

मी इतिहासाची शिक्षिका होते. प्रश्न पडला की आधी जवळच्या दगडांकडे जायचे, अशी सवय. सुदैवाने आमच्या भागात दगडांना तोटा नाही. ओझर ज्या मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याने नाशिक ओलांडून पुढे गेले की पांडवलेणी लागतात आणि उलट दिशेने गेले की चांदवड. हा रस्ता सैन्याचा, व्यापाराचा आणि यात्रेकरूंचा फार जुना मार्ग. या पट्ट्यात दोन हजार वर्षांत किती लढाया झाल्या याची गणती नाही. त्या लढायांची साक्ष कोणी, कोणासाठी आणि कशी नोंदवून ठेवली, याचा शोध म्हणजे हा लेख.

‘जीवसुता’

पांडवलेण्यांतले तीन क्रमांकाचे लेणे बहुतेकांनी पाहिलेले असते. त्याच्या दर्शनी भागाखाली सहा धिप्पाड गण जमिनीतून अर्धे वर आलेले आहेत आणि त्यांनी संपूर्ण लेणे खांद्यावर तोलून धरले आहे. शाळेच्या सहली या गणांजवळ थांबतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. माझ्याही कित्येक सहली तशाच गेल्या. ओसरीतले लेख मुलांना दाखवून ‘हे ब्राह्मी लिपीत आहेत’ एवढे सांगितले की आमचे काम संपे.

या लेण्यात सातवाहनांचे जे लेख आहेत, त्यांतले तीन एकापाठोपाठ एक वाचले तर एका घराची कहाणी उलगडते.

पहिला लेख गौतमीपुत्र सातकर्णीचा, राज्यवर्ष १८. क्षहरात कुळातल्या नहपानाचा पराभव नुकताच झालेला आहे. राजाची आज्ञा सैन्याच्या विजयी तळावरून सुटली आहे. तीत लेण्यातल्या भिक्षूंना कखडी गावचे दोनशे निवर्तन शेत दिले आहे. हे शेत आतापर्यंत उषवदाताकडे, म्हणजे नहपानाच्या जावयाकडे होते. याच डोंगरातले दहा क्रमांकाचे लेणे उषवदाताने खोदवलेले. त्यात त्याची बायको दक्षमित्रा हिनेही एक खोली दान दिली आहे. म्हणजे हरलेल्यांचे घरही त्याच डोंगरात, काही पावलांवर आहे.

दुसरा लेख राज्यवर्ष २४ चा. सहा वर्षे उलटली आहेत. आधी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि ते गाव वसलेले नाही, असे त्यात सरळ म्हटले आहे. म्हणून भिक्षूंना नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तन राजकीय जमीन बदली देण्यात येते. गाव का उठले, हे लेख सांगत नाही. कारकुनी भाषेतली ही एक ओळ आहे. पण विजयी तळाच्या लेखानंतर ती वाचली की वाचणारा थबकतो. लढाई जिंकली आहे, शेत मिळाले आहे आणि कसायला माणूस नाही. युद्धाची याहून कोरडी, म्हणूनच याहून खरी नोंद मला दुसरी आठवत नाही.

याच दुसऱ्या लेखात आज्ञा एकट्या राजाची नाही, राजमातेचीही आहे. आणि तिच्या उल्लेखाआधी एक शब्द येतो: ‘जीवसुता’. जिचा मुलगा जिवंत आहे अशी.

लेख खोदणाऱ्या कारागिराने अशा कितीतरी उपाध्या खोदल्या असतील. त्या काळच्या रीतीप्रमाणे तो मानाचा शब्द असावा, जसे आपण पत्रिकेत ‘सौभाग्यवती’ लिहितो. पण सतत युद्धावर असलेल्या राजाच्या आईला या शब्दाने ओळखावे, यात त्या काळच्या सगळ्या आयांची धास्ती आली आहे असे मला वाटते. मुलगा जिवंत असणे ही गृहीत धरायची गोष्ट नव्हती. ती बिरुदासारखी मिरवायची गोष्ट होती.

तिसरा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्यवर्ष १९ चा. हीच ती प्रसिद्ध ‘नाशिक प्रशस्ती’. आता राज्य नातवाचे आहे आणि लेणे दान देणारी आहे गौतमी बलश्री, तीच आई. आता ‘जीवसुता’ हा शब्द नाही. आता ती एका महाराजाची आई आणि दुसऱ्या महाराजाची आजी आहे. मुलगा गेला आहे आणि आई त्याच्याबद्दल बोलते आहे.

अभ्यासक या प्रशस्तीतून राज्याचा विस्तार, शक-यवन-पह्लवांचा पराभव, चातुर्वर्ण्याविषयीचे धोरण अशी माहिती काढतात, आणि ते योग्यच आहे. पण ती पुन्हा वाचताना मला दिसले की राजाच्या पराक्रमाच्या यादीत मधूनमधून निराळीच वाक्ये येतात. तो आईची सेवा अखंड करी. नगरातल्या लोकांचे सुखदुःख त्याला आपले वाटे. अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला रुचत नसे. क्षहरातांचा निर्वंश केला असे ज्या लेखात लिहिले आहे, त्याच लेखात हेही लिहिले आहे. या दोन वाक्यांचा मेळ इतिहासकाराला घालता येत नाही. आईला तो घालावा लागत नाही. गेलेल्या मुलाविषयी आई जे बोलते त्यात दरबारी कवीची भाषा असली, तरी कोणती वाक्ये ठेवायची हे तिनेच ठरवले असणार.

या युद्धाची दुसरी साक्ष नाण्यांवर आहे. १९०६ साली गोदावरीकाठी, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखाली जुना चेहरा अर्धवट दिसतो. जिंकणाऱ्याची साक्ष ही अशी असते. ती आधीच्या चेहऱ्यावर ठोकून बसवलेली असते. डोंगरातल्या आईची साक्ष कोणाला पुसत नाही. ती फक्त आपला माणूस सांगते. एकाच युद्धाच्या या दोन साक्षी पाहिल्यावर माझ्या शोधाला दिशा मिळाली. कलाकृती पाहताना ‘हे कोणी घडवले’ याच्या जोडीला ‘हे कोणी घडवून घेतले’ हे विचारायचे.

वेशीवरचा दगड

राजाच्या आईला लेणे खोदवता आले. साध्या घरातल्या आईने काय केले?

त्याचे उत्तर आपल्या गावांच्या वेशीवर, पाराखाली, मारुतीच्या देवळामागे उभे आहे. त्याला आपण वीरगळ म्हणतो. शब्द कन्नडातून आला: वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. कर्नाटकात अशा दगडांवर अनेकदा लेख असतो. त्यामुळे वीराचे नाव, राजा, साल समजते. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मुके आहेत. त्यांचा काळ शस्त्रांवरून, पेहरावावरून, घडणीवरून अदमासाने ठरवावा लागतो. यादवकाळात, म्हणजे आपल्या सिन्नर-चांदवड भागातून उदय पावलेल्या राजघराण्याच्या काळात, ही प्रथा भरात होती आणि पुढेही ती चालू राहिली. लोकांच्या लेखी मात्र तो दगड कोणाचा हे कधीच विसरले गेले. त्याला शेंदूर लागला आणि तो कुठे म्हसोबा, कुठे वेताळ, कुठे नुसताच ‘वीर’ झाला.

गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने महाराष्ट्रातल्या अशा दगडांचा मन लावून अभ्यास केला, एस. सेट्टर यांच्याबरोबर त्यांनी संपादित केलेला स्मारकशिळांवरचा इंग्रजी ग्रंथ १९८२ साली निघाला. धनगर-गवळ्यांचे देव, गुरांसाठी झालेल्या लढाया आणि हे दगड यांचे नाते त्यांनी उलगडले. वीरगळावरच्या पुष्कळ लढाया साम्राज्यासाठी झालेल्या नाहीत. पळवलेली गुरे सोडवताना गावच्या वेशीवर झालेल्या त्या झटापटी आहेत. कित्येक दगडांच्या खालच्या कप्प्यात म्हणूनच गाई दिसतात.

निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या एका गावात मी असा एक दगड दोन तास बसून पाहिला. गावाचे नाव देत नाही, कारण अलीकडे असे दगड रातोरात नाहीसे होतात. छातीइतका उंच, काळा पाषाण. वर शेंदराचा थर, खाली कोणीतरी डिझेलचा डबा टेकवून ठेवलेला. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खाली वीर आडवा पडलेला. त्याच्या वरच्या कप्प्यात तोच वीर ढाल-तलवार घेऊन दोघांशी लढतो आहे. त्याच्या वर दोन अप्सरा त्याला दोन्ही दंडांना धरून नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे जोवर ते आहेत तोवर ही आठवण राहो.

ही मांडणी ठरलेली आहे. शेकडो दगडांवर तीच, थोड्याफार फरकाने. कलेचे अभ्यासक म्हणून तिला ‘साचेबंद’ म्हणतात आणि शिल्पकलेच्या मोठ्या इतिहासात तिला दोन ओळी मिळतात. गोंदेश्वराच्या देवळापुढे वेशीवरचा दगड कोण पाहील? मीही असेच म्हणत होते. त्या दुपारी मात्र तीन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली ही की गोष्ट मरणापासून सुरू होते. पोवाडा जन्मापासून किंवा लढाईच्या तयारीपासून सुरू झाला असता. पाथरवटाने सर्वांत खाली, पायाशी, आडवा देह ठेवला आहे. बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे. ज्या घराने दगड सांगितला, त्या घरात गोष्ट तिथूनच सुरू झाली होती: देह दारात आला तिथून.

दुसरी ही की लढाईच्या कप्प्यात शत्रूचे चेहरे वाईट काढलेले नाहीत. वीर जरा मोठा आहे, समोरचे जरा लहान; पण डोळे-नाक त्याच छिन्नीने, त्याच रीतीने कोरलेले. त्याला राक्षस केलेले नाही. कदाचित पाथरवटाला चेहरा एकच कोरता येत असेल. कारण काहीही असो, परिणाम असा झाला आहे की मारणारा आणि मरणारा एका घरचे वाटतात.

तिसरी गोष्ट त्या अप्सरांची. शास्त्र सांगते की रणात पडलेल्याला त्या स्वर्गात नेतात. पण दगडावर त्या ज्या तऱ्हेने त्याचे दंड धरून आहेत, ती तऱ्हा मी घरात पाहिली आहे. आजाऱ्याला अंथरुणावरून उठवताना दोघी बायका दोन्ही बाजूंनी असाच हात घालतात. त्याचे पाय लोंबकळत आहेत. घडवणाऱ्याने स्वर्ग पाहिलेला नव्हता; माणसाला उचलून नेताना बायका कशा वाकतात ते पाहिले होते. तेच त्याने कोरले.

मोठ्या युद्धांचेही वीरगळ आहेत. मुंबईत बोरिवलीजवळच्या एक्सर गावात सहा भव्य वीरगळ आहेत आणि त्यांवर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे एकमेकांवर चालून जात आहेत. देवगिरीचा महादेव यादव आणि कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. काही ते त्याआधीचे मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला असे हेमाद्रीच्या लिखाणात आहे, तेही यादवांच्या विजयाचे वर्णन म्हणून. राजदरबाराने बुडालेला शत्रू लिहून ठेवला. दगडावर मात्र बुडणाऱ्यांच्या वरच्या कप्प्यात अप्सरा आहेतच. दगड घडवून घेणाऱ्यांना आपली माणसे समुद्राच्या तळाशी सोडवली नाहीत.

बांगड्यांचा हात

आतापर्यंत मी साक्षीचा चांगला भाग सांगितला. पण साक्षीदार नेहमीच मोकळा नसतो, हेही सांगायला हवे.

वीरगळांच्या शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते. तिच्यावर बाईचा चेहरा असेलच असे नाही. कोपरात काटकोनात वळलेला, वर उभा केलेला एक हात, तळवा समोर, मनगटात भरगच्च बांगड्या. जवळ सूर्य-चंद्र. बांगड्या शाबूत आहेत, कारण ती अहेव गेली, विधवा होण्याआधी गेली, असे त्यातून सांगायचे असते. काही वीरगळांवर वरच्या कप्प्यात वीराबरोबर एक स्त्रीही लिंगापुढे हात जोडून बसलेली दिसते.

आपल्याकडे याला प्रेमाचे स्मारक म्हणण्याची रीत आहे. मीही वर्गात एकदा तसे बोलून गेले होते. तेव्हा एका मुलीने विचारले, “बाई, तिला विचारलं होतं का?” वर्ग हसला. मला उत्तर आले नाही. आजही येत नाही, कारण दगड ते सांगत नाही. तो हात निरोपाचा आहे, आशीर्वादाचा आहे की थांबवण्याचा, हे त्या हाताकडे बघून ठरवता येत नाही. मुंबई इलाख्यात १८३० साली कायद्याने ही प्रथा बंद झाली, तोवर कितीजणी स्वतःहून गेल्या आणि कितीजणींना नेले, याचा हिशोब कोणत्याही दगडावर नाही.

म्हणून वीरगळाला मी लावलेली कसोटी इथेही लावायला हवी. हा दगड कोणी घडवून घेतला? तिच्या आईने नव्हे, तिच्या लेकरांनी बहुधा नव्हे. सासरच्या घराने, गावाने. त्यात घराची प्रतिष्ठा होती. जिच्याबद्दल दगड आहे, तिच्याकडून बोलणारे कोणी उरले नव्हते. वीराला चार कप्पे मिळाले, तो लढताना, पडताना, जाताना दिसतो. तिला फक्त हात मिळाला. पाथरवटाने चेहरा का कोरला नाही? तेवढेच मागितले होते म्हणून, हे साधे उत्तर. पण चेहरा नसलेला तो हात आज जे बोलतो, ते मागणाऱ्यांच्या मनात खात्रीने नव्हते. घडवून घेणाऱ्याच्या इच्छेपलीकडची साक्ष दगडात कधी कधी राहून जाते, ती अशी.

हळद लागलेला वीर

दगडाची प्रथा थांबली तरी वीर थांबले नाहीत. ते देव्हाऱ्यात आले.

जुन्या नाशकातल्या अनेक घरांत देवांच्या टाकांबरोबर वीराचा टाक असतो. चांदीचा किंवा तांब्या-पितळेचा, तळहातात मावेल असा पत्रा. त्यावर ठशाने उठवलेला घोडेस्वार, हातात तलवार. सोनाराच्या ठशातून निघालेले हे काम, त्यामुळे एका घराचा वीर दुसऱ्या घराच्या वीरासारखाच दिसतो. घरातला लढाईत गेलेला किंवा अकाली गेलेला पुरुष वीर म्हणून पुजायचा, अशी समजूत. धुळवडीच्या दिवशी हे टाक घरातून निघतात, वाजंत्री लावून होळीभोवती नाचवले जातात आणि गोदाकाठी रामकुंडावर त्यांना स्नान घालतात. पिढ्या गेल्या, नावे गेली. नाचवणे चालू आहे.

या वीरांत मानाचा मानला जातो तो दाजीबा, ज्याला बाशिंगे वीर असेही म्हणतात. त्याची गोष्ट निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात. एका रूपात तो दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीचा, म्हणजे आमच्या ओझरला अगदी खेटून असलेल्या गावचा, खंडेरायाचा भक्त असलेला गवळी. सगळ्या रूपांत सारखा असलेला भाग एवढाच: लग्न ठरलेले, अंगाला हळद लागलेली आणि बोहल्यावर चढण्याआधी तो मारला गेला. मिरवणुकीत दाजीबा होणारा पुरुष म्हणून नवरदेवासारखा निघतो. डोक्याला बाशिंग, अंगावर दागिने. घरोघरच्या बायका त्याला ओवाळतात. लग्न जुळावे, मूल व्हावे म्हणून त्याला नवस बोलतात.

मी हे लहानपणापासून पाहिले. पण वीरगळ वाचायला शिकल्यावर एका धुळवडीला ते पाहिले आणि मिरवणुकीचा अर्थ उलटा झाला. ही मिरवणूक लढाईतला विजय साजरा करत नाही. जे लग्न झाले नाही ते ती दरवर्षी लावायला निघते. ज्याची वरात निघाली नाही त्याची वरात सारे शहर काढते. गवळ्याच्या पोराची गुरांसाठीची झटापट असो की आणखी काही. तपशील गळून गेले आणि उरले ते अंगावरच्या हळदीचे दुःख. आणि तेच दुःख इतरांच्या लग्नासाठी नवसाला पावते, ही आपल्या लोकांची रीत.

अठरा वर्षे

एवढे झाल्यावर मला एका परदेशी आईची आठवण झाली. केटे कोलविट्झ ही जर्मन चित्रकार आणि शिल्पकार. तिचा धाकटा मुलगा पीटर पहिल्या महायुद्धात स्वखुशीने सैन्यात गेला. त्याच्या वडिलांची परवानगी मिळावी म्हणून तिनेच त्याची बाजू घेतली होती. १९१४ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्यासाठी स्मारक करायचे तिने ठरवले. आधी तिच्या मनात पडलेल्या मुलाचा देह होता, आपल्या वीरगळाच्या तळच्या कप्प्यासारखा. वर्षानुवर्षे ती ते मोडत राहिली. १९३२ साली काम पुरे होऊन स्मशानभूमीत बसवले गेले तेव्हा त्यात मुलगा नव्हताच. होते गुडघे टेकलेले दोन पालक, वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, एकमेकांकडे न पाहणारे. आईचा चेहरा तिचा स्वतःचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिचा नातू, त्याचेही नाव पीटर, मारला गेला.

आपल्या पाथरवटाने मागे उरलेल्यांना दगडात जागा दिली नाही. ते दगडासमोर उभे राहत होते. कोलविट्झने त्यांनाच दगड केले. घडवणारी आणि घडवून घेणारी एकच झाली की असे होते. पण नाशिकच्या डोंगरातली आई आणि बर्लिनची आई यांच्यात मला फार अंतर वाटत नाही. दोघींनीही मुलाच्या युद्धाला आधी मान दिला होता. दोघींनाही नंतर बोलावे लागले.

युद्धाची साक्ष कलाकार देतो असे आपण म्हणतो. नाशिकच्या दगडांनी मला शिकवले ते थोडे निराळे आहे. कलाकार हात देतो. साक्ष मागे उरलेल्यांची असते. जिथे त्यांना बोलता आले, तिथे दगडात शोक आणि माया उतरली, साचा ठरलेला असूनही. जिथे त्यांना बोलता आले नाही, तिथे नुसता हात उरला. आणि जिथे फक्त जिंकणाऱ्याने काम सांगितले, तिथे जुन्या चेहऱ्यावर नवा ठसा.

आमचा टाक

हे सगळे मी शोधत का होते, ते आता सांगायला हरकत नाही. आमचे मूळ घर जुन्या नाशकातले. देव्हाऱ्यात वीराचा एक टाक होता. आम्ही ओझरला राहायला आल्यावरही आई दर धुळवडीला तो लाल फडक्यात गुंडाळून, एसटीने नाशकात नेई आणि रामकुंडावर न्हाऊ घालून संध्याकाळी परत आणी. कोणाचा टाक, हे तिला ठाऊक नव्हते. आजीला ठाऊक नव्हते. घोड्याचे नाक झिजून सपाट झाले होते.

आई गेली त्या वर्षी भाऊ म्हणाला, “ताई, आता नाचवणार कोण? मुलं बंगलोरला. हे गोदेत सोडून देऊ, दोष लागत नाही.” त्याचे चुकीचे नव्हते. ज्याचे नाव माहीत नाही त्याचे दुःख किती पिढ्या सांभाळायचे? मी म्हटले, मला दे. त्यावर तो गप्प झाला. वीराचा टाक लेकीकडे जात नाही, तो घराण्याबरोबर मुलाकडे राहतो. शेवटी त्याने दिला. मात्र हे कोणाला सांगू नकोस म्हणाला.

त्या टाकाचे काय करावे हे मला बरेच दिवस कळत नव्हते. मी भाविक नाही. इतिहासाचा पुरावा म्हणूनही त्याला किंमत नाही; ठशातून निघालेला, नाव-साल नसलेला. पण वेशीवरच्या त्या दगडापुढे बसल्यावर उमगले की नाव नसणे हीच त्याची गोष्ट आहे. कोणीतरी बाई एका सोनाराकडे गेली होती. तिच्याकडे लेणे खोदवण्याइतके पैसे नव्हते, दगड उभा करण्याइतकेही नव्हते. तिने घोडा मागितला. तिच्या माणसाकडे घोडा होता की नाही, कोण जाणे. सोनाराच्या ठशात घोडाच होता.

गेल्या धुळवडीला मी तो लाल फडक्यात गुंडाळला आणि एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी विचारले, “काय नेताय?” मी म्हटले, “घरातला माणूस आहे.” त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला घेतली आणि मला नीट बसायला जागा करून दिली.